भाचीला पाळीव कुत्रं चावलं: सीरम दिलं नाही, पोलिसांनी एनसी लिहिली, आता पुढं काय करायचं?

कुपवाडकर_मामा

नमस्कार मंडळी. भाची नऊ वर्षांची आहे, वजन २२ किलो. रविवारी संध्याकाळी क्लासवरून येताना गल्लीतल्या एका घरचं पाळीव कुत्रं उघड्या गेटातून धावत बाहेर आलं आणि तिच्या डाव्या पोटरीला चावलं. दाताच्या दोन खोल खुणा आहेत, रक्त आलं होतं. शेजारी बोटभर लांब ओरखडा आहे. घरात नुसत्या पाण्यानं धुवून वर हळद दाबली. सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर बारीक सुईनं रेबीजची लस दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कार्ड हातात दिलं. सीरमचं कुणी काही बोललं नाही. आज बुधवार.

मालक म्हणतात, कुत्र्याला लस दिलेली आहे, उगाच बाऊ करू नका. लसीची वही मागितली की "बघू" म्हणतात. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि "कोर्टात जा" म्हणून सांगितलं. त्याच गल्लीच्या तोंडाला भटकी कुत्रीही आहेत, महिन्याभरात त्यांनी दोघांना चावलंय.

सीरम घ्यायलाच हवं का? गुन्हा नोंदवता येतो का? खर्च कुणाकडून मिळतो? आणि भटक्या कुत्र्यांचं कुणाला लिहायचं? जाणकारांनी कृपया नीट सांगावं.

---

केसपेपर

मामा, कायद्याचं नंतर बघू. सीरमला मुदत असते आणि ती सोमवारपासूनच चालू झालीय, म्हणून आधी तेवढंच वाचा.

कातडी फुटून रक्त आलं की ती जखम तिसऱ्या श्रेणीत जाते. रक्त न येता नुसतं खरचटलं तर दुसरी श्रेणी, तिथं फक्त लस. तिसऱ्या श्रेणीत लस आणि सीरम दोन्ही लागतात. कारण असं की लस दिल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण सात ते चौदा दिवस जातात. तोवर लाळेतून आलेला विषाणू जखमेतच असतो आणि तिथल्या नसेत शिरून मेंदूकडं सरकायला लागतो. सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती जखमेतच भरतात आणि विषाणूला जागच्या जागी निकामी करतात. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत ती देता येतात. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीर स्वतःची प्रतिपिंडं करायला लागलेलं असतं. तुमचा सातवा दिवस पुढच्या सोमवारी येतो. पण सोमवारची वाट बघू नका, आज नाहीतर उद्या सकाळी न्या. मधल्या प्रत्येक दिवशी विषाणू मोकळा आहे असं समजा.

उद्या गुरुवार, म्हणजे तसाही दुसऱ्या डोसाचा दिवस. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जिथं सीरमचा साठा असेल तिथं न्या. निघण्यापूर्वी फोन करून साठा विचारा. साताऱ्याकडच्या वाचणाऱ्यांनी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात विचारावं. सोबत लसीचं कार्ड आणि सोमवारचा केसपेपर घ्या. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा: "रक्त आलेली जखम आहे, तिसरी श्रेणी, सीरम राहिलंय." साठा नाही असं उत्तर आलं तर भांडू नका. "सीरम उपलब्ध नाही" असं केसपेपरवर लिहून मागा आणि पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा फ्रीज पुन्हा उघडून बघितला जातो.

मात्रा वजनावर ठरते. घोड्यापासून बनवलेलं सीरम किलोला ४० युनिट, म्हणजे २२ किलोला ८८० युनिट. एका मिलिलीटरमध्ये ३०० युनिट असतात, म्हणजे तीन मिलीला थोडं कमी. ५ मिलीची एक बाटली तिला पुरून उरते. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोला २० युनिट, ते बाहेरून विकत घ्यायचं तर काही हजारांत जातं. हल्ली काही ठिकाणी मोनोक्लोनल अँटीबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं) मिळते, तिची मात्रा प्रकारानुसार बदलते, एका प्रकाराची किलोला ३.३३ युनिट. तिन्हीपैकी जे मिळेल ते चालतं. स्वस्त आहे म्हणून घोड्याचं नाकारू नका.

हे इंजेक्शन दंडात किंवा कमरेत द्यायचं नसतं. प्रत्येक दाताच्या खुणेत आणि तिच्या भोवती सुई फिरवून भरायचं असतं, ओरखड्याच्या कडेनंसुद्धा. बऱ्याचदा मोठ्या खुणेत भरतात आणि ओरखडा राहून जातो, तो तुम्ही बोट ठेवून दाखवा. पोटरीला मांस असल्यानं तीन मिली आरामात बसतं. बोटाच्या टोकाला चावलं असतं तर जेवढं मावेल तेवढंच भरतात, ताण देऊन कोंबत नाहीत. पोरगी रडेल, दुखतं. घरातलं एक माणूस तिच्या डोक्याशी आणि एक पायाशी असू द्या. झाल्यावर अर्धा तास तिथंच बसवा. पुढच्या एक-दोन आठवड्यांत अंगावर पुरळ, सांधेदुखी, ताप असं काही दिसलं तर घोड्याच्या सीरमची प्रतिक्रिया असू शकते. डॉक्टरांना दाखवा, पण लस थांबवू नका.

आता हळद. सांगलीत घरोघरी चांगली हळद असते, म्हणून हात आधी डब्याकडंच जातो. कुत्र्याच्या चाव्यावर हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू काहीच नको. त्यानं जखम चिडते आणि वर थर बसतो, मग साबण आत पोचत नाही. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं आणि साबण तेच फोडतो. म्हणून नळाच्या वाहत्या पाण्याखाली अंगाच्या साबणानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं असतं. नुसत्या पाण्यानं ते काम होत नाही. आज तिसरा दिवस असला तरी हलक्या हातानं साबणानं धुवून हळद पूर्ण काढा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. घट्ट पट्टी नको. टाके घालायचे नाहीत. चेहऱ्यावर वगैरे घालावेच लागले तर आधी सीरम, मग सैल टाके.

तुमची लस कातडीत देतात ती आहे: प्रत्येक दंडावर ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. सोमवार शून्य धरायचा. म्हणजे उद्या गुरुवार, मग येता सोमवार आणि पहिल्या सोमवारपासून चार आठवड्यांनी येणारा सोमवार. सुई काढल्यावर कातडीवर तुरीच्या डाळीएवढा पांढरट फुगवटा दिसला पाहिजे. दिसला नाही तर लस खोल गेली, तिथंच सांगून पुन्हा द्यायला लावा. खाजगीत दंडाच्या मांसात देतात, त्याचे पाच डोस: ०, ३, ७, १४, २८. लहान बाळाला मांडीत. कमरेत कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू होत नाही.

एक अडचण ठाऊक असू द्या. लसीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून काही ठिकाणी "चार-पाच जण जमले की या" म्हणतात. पहिल्या डोसाला ही अट ऐकायची नाही. आणि पथ्य काही नाही, अंडी, मटण, दही सगळं चालतं. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुन्या लसीची गोष्ट, ती आपल्याकडं २००५ च्या आधीच बंद झाली.

---

दखलपात्र

वरचं सगळं आधी करा. मग कागद.

पाळीव कुत्र्याच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं, जुन्या दंडविधानातलं २८९. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवतो, तरी पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जोडीला कलम १२५ चा खंड (a): निष्काळजीपणामुळं दुखापत, शिक्षा तेवढीच. दुखापत "गंभीर" ठरली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंभीर म्हणजे हाड मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना असणं किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणं. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. पोरगी किती दिवस शाळेत गेली नाही, किती दिवस लंगडत होती, हे म्हणूनच लिहून ठेवा आणि डॉक्टरांच्या कागदावर येऊ द्या.

२९१ दखलपात्र आहे. एनसी असते अदखलपात्र गुन्ह्याची, तिथं मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळं एनसीवर समाधान मानू नका. पुन्हा जाताना लेखी अर्ज न्या, दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोलिसांनी एनसी का लिहिली असावी तेही सांगतो. बहुतेक वेळा तक्रारीत एवढंच असतं: "अमक्याचं कुत्रं चावलं." त्यात मालकाची हयगय कुठंच दिसत नाही, आणि हयगयीवरच तर कलम उभं आहे. अर्जात हे यायला हवं: दिवस, वेळ, जागा. गेट उघडं होतं. गळ्यात पट्टा किंवा साखळी नव्हती, सोबत कुणी नव्हतं. कुत्रं घराबाहेर सार्वजनिक रस्त्यावर आलं. याआधी कुणाच्या अंगावर गेलं असेल तर कुणाच्या, केव्हा. मालकाला आधी सांगितलं होतं का. जखम कुठं, किती, कोणते उपचार. शेवटी स्पष्ट मागणी: "भारतीय न्याय संहिता कलम २९१ आणि १२५(a) प्रमाणे गुन्हा नोंदवावा, कुत्र्याच्या लसीकरणाची वही तपासावी आणि दहा दिवस कुत्रं निरीक्षणाखाली ठेवण्याबाबत मालकास समज द्यावी."

तरीही घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७३(४) खाली तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

पुरावा लगेच गोळा करायचा असतो, नंतर हाताशी काही राहत नाही. समोरच्या दुकानाचा किंवा बंगल्याचा सीसीटीव्ही काही दिवसांत स्वतःच पुसून पुढं लिहितो. आजच जाऊन विनंती करा, चित्रीकरण पेनड्राइव्हवर घ्या. ज्याचं यंत्र आहे त्याच्याकडून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, नाहीतर कोर्टात ते वाचलं जात नाही. जखमेचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, आज, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी. केसपेपरवर नुसतं "कुत्र्याचा चावा" आहे का बघा, "शेजाऱ्याचं पाळीव कुत्रं" असा उल्लेख डॉक्टरांना सांगून करून घ्या. लसीच्या कार्डावर बॅच नंबर असतो, प्रत काढून ठेवा, कार्ड घामानं आणि पावसानं पुसट होतं.

खर्चाचं. दिवाणी दाव्यात औषधं, रिक्षा-एसटीचं भाडं, आई-वडिलांचा बुडालेला रोज किंवा रजा, व्रण, वेदना, भीती हे सगळं मागता येतं. मुदत साधारण तीन वर्षं. अल्पवयीन मुलाला कायदा मोठं होईपर्यंत सवलत देतो, पण साक्षीदार तेवढे थांबत नाहीत. दाव्याआधी मालकाला वकिलामार्फत नोटीस द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट नाही, भाचीच्या नावानं अर्ज करता येतो. दूरध्वनी १५१००.

---

कुपवाडकर_मामा

केसपेपर साहेब, दखलपात्र साहेब, मनापासून आभार. उद्या सकाळी सहाला निघतो. पण आत्ताच कळलं, मालकांनी कुत्रं काल रात्री तासगावच्या नातेवाइकांच्या मळ्यावर पाठवलं. आता दहा दिवसांचं निरीक्षण कसं होणार? आणि गल्लीतला एकजण सांगतोय की प्रत्येक दाताला दहा हजार रुपये मिळतात. खरं आहे का?

---

गोठा_आणि_दवाखाना

मी जनावरांच्या बाजूनं लिहितो. कुत्रं पिसाळलेलं असेल तर लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू येतो आणि लक्षणं दिसल्यावर ते थोड्याच दिवसांत मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्रं खातंय, पितंय, ओळख दाखवतंय, धडधाकट आहे, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानतात. नियम कुत्रं आणि मांजर यांनाच लागू. माकड, कोल्हा, मुंगूस, गाय-म्हैस यांना नाही. तुमचे दहा दिवस चावल्याच्या रविवारपासून मोजायचे.

तासगावला गेलं असलं तरी कुत्रं जिवंत आहे, माहीत आहे कुठं आहे. मळ्यावरच्या माणसाला फोन करा, रोज एक छोटा व्हिडिओ मागा, कुत्रं भाकरी खाताना आणि पाणी पिताना. आवाज बदलणं, जबडा लोंबणं, लाळ गळणं, खड्डे-लाकडं चावणं, अंधारात दडून बसणं, मागचे पाय ओढणं, यातलं काही दिसलं तर हात लावू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या दूरध्वनीवर कळवा. मेलं तर पुरू नका आणि जाळू नका. आधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना सांगा, मेंदूचा नमुना त्यांच्यामार्फत प्रयोगशाळेत जाऊ शकतो.

मालकाच्या "लस दिलीय" वर मुलीचे उपचार थांबवायचे नाहीत. वहीत कोणत्या तारखेला दिली, वर्ष उलटलं का, पशुवैद्याचा सही-शिक्का आहे का, बाटलीचं लेबल चिकटवलंय का, हे बघितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. लस खरोखर दिलेली असली तरी ती शंभर टक्के हमी नसते. दहाव्या दिवशी कुत्रं ठणठणीत असलं तरी कातडीतली लस पूर्ण करायची असते, २८ वा दिवस सोडू नका.

---

दखलपात्र

कुत्रं हलवल्याची माहिती आजच पोलीस ठाण्यात पुरवणी अर्ज म्हणून द्या: कोणत्या तारखेनंतर, कुठं, कुणाकडं. मालकाला स्वतःची हयगय जाणवत होती हे त्यातून दिसतं. पुढं पंचनाम्याला कुत्रं सापडलं नाही तर हाच कागद कामाला येतो.

दाताला दहा हजार हे आपल्याकडं लागू नाही. २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं त्या दोन राज्यांत आणि चंडीगडमध्ये मोकाट जनावरांच्या हल्ल्यासाठी असं प्रमाण घालून दिलं: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार, मांसाचा लचका तुटला असेल तर दर ०.२ सेंटीमीटरला किमान वीस हजार. ती रक्कम सरकारनं द्यायची आहे. महाराष्ट्रावर तो निकाल बंधनकारक नाही, पण वकील आधार म्हणून दाखवू शकतो. तुमच्या प्रकरणात कुत्रं पाळीव आहे, त्यामुळं जबाबदारी मालकाची.

---

हरिपूररोड

गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मागं पडतोय, म्हणून लिहितो. ती तक्रार वेगळी करा, शेजाऱ्याच्या प्रकरणात मिसळू नका. नाहीतर महापालिका "खाजगी वाद आहे" म्हणून एका ओळीत बंद करते.

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या आयुक्तांच्या नावे, आरोग्य विभागाला प्रत. गल्ली, खांब क्रमांक किंवा ठळक खूण, साधारण किती कुत्री, रंग, त्यातल्या किती जणांच्या कानाला कापल्याची खूण आहे. ही खूण महत्त्वाची: निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. खाच नसलेली कुत्री म्हणजे ज्यांच्यापर्यंत मोहीम पोचलीच नाही. चावलेल्या दोघांच्या केसपेपरच्या प्रती जोडा. मागणी लिहा: पकडून निर्बीजीकरण, रेबीज लस, आणि चावणारं विशिष्ट कुत्रं निरीक्षणाखाली ठेवणं.

"उचलून लांब सोडून या" ही मागणी करू नका, ती फेटाळली जाईल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला हेच कायम ठेवलं, अपवाद रेबीज झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथं सोडायची नाहीत असं आहे. भाचीच्या शाळेच्या आवारात कुत्री असतील तर मुख्याध्यापकांच्या सहीनं वेगळा अर्ज द्या, तो जास्त वजनदार ठरतो.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज: या प्रभागात गेल्या वर्षात किती कुत्र्यांचं निर्बीजीकरण, तारीखवार. चाव्याच्या किती तक्रारी, त्यावर काय केलं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पुढं भरपाई मागायची झाली तर "पालिकेला माहीत होतं" हे दाखवायला हेच उत्तर हाताशी असतं.

आणि कुणी विष घालायची भाषा करत असेल तर थांबवा. जनावर मारणं किंवा अपंग करणं याला कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून मोठं म्हणजे टाकलेला विषारी तुकडा गल्लीतलं पोर उचलू शकतं.

---

दखलपात्र

हरिपूररोड यांच्या मुद्द्याला एक जोड, कारण इथं बरेच दावे मरतात. महापालिकेवर दावा करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. साताऱ्यासारख्या नगरपरिषदेला १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम ३०४, मुदत तशीच. तीन वर्षं हातात आहेत असं समजून लोक सातव्या महिन्यात वकिलाकडं येतात. उच्च न्यायालयात रिट करायची वेळ आली तर आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू आहे, सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे तिच्याकडं येतात.

---

पारावरचा

सगळं बरोबर सांगितलंय, पण एक वेगळं मत मांडतो. शेजार आहे, उद्याही त्याच गल्लीत राहायचंय. मालकाला एकदा नीट बोलावून दोन्हीकडच्या मोठ्यांसमोर खर्च, कुत्र्याला साखळी, गेटाला कडी हे ठरवता आलं तर बघा. पोलीस, कोर्ट म्हणजे वर्षं जातात. कुत्राही शेवटी मुकं जनावर.

---

दखलपात्र

पारावरचे काका, समझोत्याला माझा विरोध नाही. तो कसा करायचा एवढंच बोलतो. पहिला आठवडा जात नाही तोच दोन हजार हातावर टेकवून "तक्रार नाही" असा कागद सही करून घेतात. चौथा डोस व्हायच्या आधी कशावरही सही नको. व्रण किती राहणार, पू होणार का, शाळा किती बुडणार, हे तोवर कळतच नाही.

बोलणी झालीच तर साध्या कागदावर नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा, लोकअदालतीत तडजोड नोंदवा. कोर्ट फी नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. मालकानं हप्ता चुकवला तर थेट वसुलीला जाता येतं. अटी मोजून लिहा: आजवरचा खर्च बिलांप्रमाणे, पुढच्या डोसांचा प्रवास, गेट आपोआप बंद होणारं, बाहेर नेताना साखळी आणि जाळीचा मुखवटा, दरवर्षी लसीच्या वहीची प्रत. "यापुढे काळजी घेईन" एवढ्यावर निभत नाही, ते मोडलं हे कोर्टात कसं दाखवणार?

---

कोरेगावकडचा

ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांसाठी विचारतो. फडात चावलं, पहिला डोस इथं घेतला, आठवड्यानं टोळी पुढच्या गावाला गेली. मग? आणि कुत्रं म्हशीलाही चावलं असेल तर दुधाचं काय?

---

केसपेपर

कार्ड घेऊन कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळतो, पहिला जिथं घेतला तिथंच जायला हवं असं नाही. तारीख हुकली तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही. राहिलेला डोस लगेच घ्यायचा आणि पुढं चालू ठेवायचं. कार्ड कोपीत (झोपडीत) ठेवलं की हरवतं, म्हणून दवाखान्यातच मुकादमाच्या आणि बाईच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून द्या. पूर्वी कधी पूर्ण कोर्स झालेला असेल आणि पुन्हा चावलं तर फक्त दोन डोस, दिवस ० आणि ३, सीरम नाही. पण त्या वेळचं कार्ड दाखवता आलं पाहिजे. गरोदर बाईला लस आणि सीरम दोन्ही चालतात, "पोटातल्या बाळाला त्रास होईल" म्हणून थांबवलेलं असेल तर लगेच न्या.

---

गोठा_आणि_दवाखाना

म्हशीची जखमही साबणानं धुवायची, हातमोजे घालून. पशुवैद्याकडून लस सुरू करा, जनावराला चावल्यानंतरचे डोस दिवस ०, ३, ७, १४, २८ असे देतात. दूध उकळूनच वापरा, उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. म्हैस हंबरत राहिली, चारा गिळता येईना, लाळ गळायला लागली, तर "घशात काहीतरी अडकलंय" म्हणून तोंडात हात घालू नका. गोठ्यात नेमकी हीच चूक होते आणि मग हात घालणाऱ्यालाच कोर्स घ्यावा लागतो. तेव्हा दूध काढणंही बंद करा आणि डॉक्टर येईपर्यंत म्हैस वेगळी बांधा.

---

कुपवाडकर_मामा

गुरुवार, दुपारी एक. सीरम मिळालं. दोन्ही खुणांत भरलं, ओरखडा राहात होता, तो दाखवल्यावर तिथंही भरलं. दंडावरचे दोन्ही फुगवटे नीट दिसले. केसपेपरवर "पाळीव कुत्रं" असं लिहून घेतलं. तासगावहून सकाळी व्हिडिओ आला, कुत्रं भाकरी खातंय. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनी कॅमेऱ्याचं चित्रीकरण देतो म्हणून कबूल केलंय, त्यात गेट उघडं असलेलं दिसतंय. आता अर्जाच्या दोन प्रती घेऊन ठाण्यात निघालोय. ६३ चं प्रमाणपत्र दुकानदारानंच सही करायचं ना?

---

दखलपात्र

हो, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं. प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना अधिनियमाच्या शेवटी जोडलेला आहे, दोन भागांत. पहिला भाग दुकानदार भरेल, दुसरा तज्ज्ञानं भरायचा असतो. फाइलची हॅश किंमत (संगणकानं त्या फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) त्यात लिहावी लागते, म्हणून चित्रीकरण व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, तिथं फाइल दाबून लहान केली जाते आणि किंमत बदलते. पेनड्राइव्ह स्वतः घेऊन जा आणि मूळ रेकॉर्डरमधून थेट उतरवा.